कथा मधेच का अडते? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कथालेखनाच्या या सदराकडे आलेल्या पत्रांत या वेळी कथानकाच्या बांधणीबद्दलचे प्रश्न जास्त आहेत. त्यातले सात इथे घेतले आहेत. चोपड्याहून पत्रासोबत आलेली कथा पुढच्या उत्तरांतही उदाहरण म्हणून वापरली आहे, म्हणून ते पत्र आधी.

प्रश्न : माझी कथा दोन भावांची आहे. सामाईक विहीर, ठरलेली पाण्याची पाळी, मे महिना आणि धाकट्याची केळी निसवायला आलेली. सुरुवात सगळ्यांना आवडते, पण सहाव्या पानानंतर कथा हलत नाही. भांडण वाढवत नेलं तरी वाचणाऱ्यांना कंटाळा येतो. काय करू? (चोपडा)

तुमच्या कथेतले प्रसंग एकेका ओळीत उतरवून पाहिले. विहिरीवर भांडण. जेवताना भांडण. पंचांसमोर भांडण. लहानपणीची आठवण. पुन्हा विहिरीवर भांडण. असं कागदावर आलं की दुखणं दिसतं. भांडण वाढलेलं नाही, त्याची फक्त जागा बदलली आहे. पहिल्या भांडणानंतर धाकट्यापुढे जेवढ्या वाटा मोकळ्या होत्या, तेवढ्याच शेवटच्या भांडणानंतरही मोकळ्या आहेत. मधल्या भागात प्रत्येक प्रसंगाने त्याची एक तरी वाट कायमची बंद केली पाहिजे.

याची तपासणी सोपी आहे. प्रत्येक प्रसंग वेगळ्या चिठ्ठीवर एका ओळीत लिहा आणि चिठ्ठ्या ओळीने मांडा. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते बघा. नुसता ‘आणि मग’ बसत असेल तर तिथे सांधा निखळलेला आहे. एक गोष्ट दुसरीनंतर घडणं वेगळं आणि दुसरीमुळे घडणं वेगळं, हा फरक ॲरिस्टॉटलने नाटकाबद्दल लिहितानाच सांगून ठेवला आहे. कथानक तपासायला त्याहून चांगली कसोटी अजून सापडलेली नाही.

आता तुमचीच माणसं घेऊन हे करून पाहू. धाकट्याला पाणी हवं आहे, पण पाळी थोरल्याची आहे. म्हणून तो रात्री थोरल्याच्या ओट्यावरच्या खुंटीवरून स्टार्टरच्या पेटीची किल्ली काढतो आणि मोटर चालू करतो. पण पहाटेकडे एक फेज जातो, हा बांधावर झोपलेला असतो आणि मोटर दोन फेजवर चालून जळते. म्हणून आता दोघांचंही पाणी बंद. वाइंडिंगवाला दोन दिवस सांगतो आणि पैसे आधी मागतो. घड बाहेर पडायच्या ऐन वेळी पाण्याचा ताण बसला तर फण्या कमी भरतात, हे धाकट्याला पक्कं माहीत आहे. म्हणून तो सोसायटीत जातो, खरं तर कर्ज थकल्यामुळे त्या दारावरून जायचंही तो टाळत आलेला आहे. पण तिथे गटसचिव वही उघडून सांगतो, ‘बाकी निल आहे.’

इथे सगळ्यात मोठा फटका धाकट्याच्या स्वतःच्या हातून बसला आहे. अडचण बाहेरून आली की वाचक हळहळतो, पण पात्राच्या कृतीतून आली की तो पान उलटतो. वीज गेली, पाऊस आला, साप निघाला अशा योगायोगांनी पात्राला अडचणीत टाकायला हरकत नाही. योगायोगाने त्याला अडचणीतून सोडवू मात्र नका. तिथे वाचकाचा विश्वास उडतो, आणि तो त्या कथेपुरता परत येत नाही.

आणखी एक गोष्ट. धाकटा मागतो आहे पाणी. पण त्याला खरी गरज आहे ती वाटणीनंतरही आपण घरातलेच आहोत, हे कुणीतरी दाखवून देण्याची. मागणं आणि गरज या दोन गोष्टी एकेका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच निघत असेल तर कथेत एकच थर आहे, आणि सहाव्या पानाला अडायचं तेही एक कारण असतं.

प्रश्न : जगात कथानकं मोजकीच असतात असं ऐकलं. कुणी सात म्हणतात, कुणी छत्तीस. नवीन लेखकाने यातलं एक निवडून लिहावं का? (अमळनेर)

आकडे मोजणाऱ्याच्या हेतूप्रमाणे बदलतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये जॉर्ज पोल्टीने छत्तीस नाट्यप्रसंग मोजले. रशियाच्या व्लादिमीर प्रॉपने 1928 मध्ये तिथल्या अद्भुत लोककथा तपासून एकतीस घटक क्रमाने मांडले. क्रिस्टोफर बुकर या इंग्रज लेखकाने 2004 मध्ये सातांत सगळं बसवलं. प्रॉपचं काम एका विशिष्ट प्रकारच्या लोककथांपुरतं आहे, हे अनेकदा विसरलं जातं आणि त्याची यादी कादंबरीला लावली जाते.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने कथानकाचा प्रकार म्हणजे वाचकाला दिलेला शब्द. कोड्याची कथा सुरू केली तर उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तराचे धागे वाचकासमोर आधीच टाकावे लागतात. सूडाच्या कथेत मूळ अन्याय वाचकाने डोळ्यांनी पाहिलेला असावा, नुसता ऐकलेला असून भागत नाही. शोधाच्या कथेत वस्तू सापडो न सापडो, शोधणारा बदलला पाहिजे. अधोगतीच्या कथेत प्रत्येक पायरीवर मागे फिरायची संधी दिसली पाहिजे आणि माणसाने ती स्वतःहून सोडली पाहिजे, नाहीतर ती नुसती दुर्दैवाची यादी होते.

आपल्या भागातून येणाऱ्या हस्तलिखितांत सगळ्यात जास्त दिसतो तो परतण्याचा प्रकार, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. सुरतेला किंवा पुण्याला गेलेला मुलगा गावी येतो, वडिलांचं आजारपण असतं किंवा जमिनीची खरेदीविक्री. गाडी नंदुरबार सोडते, खिडकीतून कापसाची शेतं दिसतात आणि चार पानं आठवणींत जातात. परतण्याची कथा इथेच पडते, कारण परतणं हे काम आहे असं समजून ती लिहिली जाते. परत येणाऱ्याला गावात काहीतरी करायचं असावं, आणि तेही ठरलेल्या मुदतीत. तलाठ्याकडे वारसनोंद लावायची आहे, बहिणीची हक्कसोडीवर सही घ्यायची आहे, सोमवारच्या आत परतायचं आहे. मग गाव त्याच्या कामाच्या आड येतं आणि आठवणी आपोआप कामाला लागतात. दुसरी चूक अशी की गाव जसंच्या तसं ठेवलं जातं. तो गेला तेव्हा गाव जसं होतं तसंच असेल, तर परत येण्यात ठेच लागण्यासारखं काही उरत नाही. त्याच्या खोलीत आता ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणि खताची पोती असू देत. आईला ती हलवायची नसतील तर आणखी चांगलं.

निवडायचं का, याचं उत्तर असं : पहिला खर्डा प्रकाराचा विचार न करता लिहा. दुसऱ्या खर्ड्याआधी, ही कुठल्या प्रकारची कथा झाली आहे आणि त्या प्रकाराचं देणं आपण कुठे चुकवलं आहे, एवढं तपासा. आधी प्रकार धरून लिहिलेल्या कथेत माणसं त्या प्रकाराची चाकरी करू लागतात.

प्रश्न : पटकथेच्या शिबिरात तीन अंकी रचना शिकलो. ती तीन हजार शब्दांच्या कथेला लागू होते का? होत असेल तर कुठला भाग किती शब्दांचा? आणि फ्रायटॅगचा त्रिकोण कथेला चालतो का? (नंदुरबार)

होते, पण आखडून घ्यावी लागते. पटकथेत पहिल्या पाव भागात माणसं, जागा आणि अडचण उभी करतात, मधला निम्मा भाग झटापटीचा आणि उरलेला पाव भाग निकालाचा. तीन हजार शब्दांत मांडणीला साडेसातशे शब्द दिले तर वाचक कंटाळतो. ढोबळ माप सांगायचं तर सुरुवातीला तीनशे ते साडेचारशे, मधल्या भागाला दोन हजारांच्या आसपास, उरलेले शेवटाला. पहिलं वळण, म्हणजे जिथून माणसाला मागे जाता येत नाही ती घटना, साडेचारशे शब्दांच्या आत यावी. भावांच्या कथेत ते वळण म्हणजे खुंटीवरून किल्ली काढणं. वाटणी कशी झाली, विहीर कुणी खोदली, ही माहिती त्याच्या आधी द्यायचा मोह होतो. ती नंतर, गरज पडेल तशी, एकेका वाक्यात द्या.

याच्या जोडीला नाट्यशास्त्रातल्या पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, बघा : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. मुखात बीज पडतं, प्रतिमुखात ते दिसतं न दिसतं असं होतं, गर्भात मिळेल असं वाटून हातचं निसटतं आणि पुन्हा शोध सुरू होतो, विमर्शात मोठं विघ्न येतं, निर्वहणात पसरलेले धागे एकत्र येतात. तीन अंकांच्या रचनेत ‘मध्य’ नावाचा एकच मोठा ढीग असतो, तो या संधींमुळे आतून उलगडतो. विशेषतः गर्भ. पात्राच्या हाताला यश लागल्यासारखं होऊन ते सुटलं पाहिजे, हे बऱ्याच नव्या कथांतून राहून जातं. मोटर सुरू झाली, पाणी सरीतून धावू लागलं, धाकटा बांधावर निवांत आडवा झाला, हा क्षण नीट सात-आठ ओळी लिहा. त्याच्यामुळेच जळक्या वाइंडिंगचा वास वाचकाला जाणवेल.

गुस्ताव फ्रायटॅग या जर्मन लेखकाच्या त्रिकोणाबद्दलही, म्हणजे चढ, शिखर आणि उतार या आकृतीबद्दलही, तुम्ही विचारलं आहे. तो 1863 मध्ये नाटकाच्या, मुख्यतः पाच अंकी शोकांतिकेच्या अभ्यासातून आलेला आहे. शिखर बरोबर मधोमध येतं ते त्यामुळे. कथेत शिखर शेवटाकडे सरकवा.

प्रश्न : भूतकाळ कुठे आणि किती सांगावा? माझ्या कथेत फ्लॅशबॅक आला की लिखाण जड होतं. (साक्री)

जड होण्याचं एक कारण निव्वळ भाषेचं आहे. मराठीत मागची गोष्ट सांगताना ‘आला होता, बसला होता, म्हणाली होती’ अशी ‘होता’ची रांग लागते. दोन पानं अशी वाचणं म्हणजे चिखलातून चालणं. उपाय हा की भूतकाळात शिरताना पहिल्या दोन-तीन वाक्यांपुरतंच ‘होता’ वापरा, मग साध्या भूतकाळावर या. ‘त्या वर्षी आखाजीला आत्या माहेरी आली होती. लिंबाला झोका बांधला होता. आत्या झोक्यावर उभी राहिली आणि गाणं म्हणू लागली.’ वाचक आता तिथे पोहोचला, त्याला पुन्हा पुन्हा आठवण करून द्यायला नको. बाहेर येताना वर्तमानातल्या एखाद्या आवाजाला किंवा स्पर्शाला धरून या. भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला, एवढं पुरतं. आता आपण पुन्हा आजच्या दिवसात आलो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

जागेबद्दल : पहिल्या पानावर नको. वाचकाला आजच्या माणसाची काळजी वाटू लागली की मगच त्याला त्याचं काल काय झालं ते हवं असतं. तीन हजार शब्दांच्या कथेत एकच मोठी आठवण ठेवा, ती चारशे शब्दांपेक्षा लांबवू नका. आणि ती संपल्यावर पात्राने काहीतरी वेगळं करायला हवं. आठवणीच्या आधी धाकटा जे करणार होता तेच तो नंतरही करत असेल, तर ती आठवण काढून टाका. चोपड्याच्या कथेतल्या विहिरीत पोहण्याच्या आठवणीची गत तशीच आहे : सुंदर लिहिली आहे, पण तिच्यामुळे कुणी काही करत नाही.

प्रश्न : शेवटी धक्का द्यायचा प्रयत्न करतो. निम्मे वाचक म्हणतात आधीच कळलं, निम्मे म्हणतात फसवलं. दोघांचं समाधान कसं करायचं? (भुसावळ)

दोन्ही तक्रारी पेरणीच्या आहेत. फसवलं म्हणणाऱ्यांना खुणा मिळाल्या नाहीत, कळलं म्हणणाऱ्यांना त्या उघड्यावर मिळाल्या. खूण लपवायची जागा म्हणजे जिथे वाचकाचं लक्ष दुसऱ्या कारणाने गुंतलेलं असतं ती.

भावांच्या कथेत थोरल्यानेच धाकट्याचं कर्ज भरलं आहे, हे शेवटाकडे कळतं. त्यासाठी तीन खुणा पुरे. पहिली : थोरल्याने घरात भरून ठेवलेला कापूस भाव वाढायची वाट न पाहता मार्चच्या शेवटी विकून टाकला. हे वाक्य धाकट्याच्या रागात मिसळून टाका : ‘धीर नाहीच दादाला. सगळे थांबले आहेत, यानेच घाईने कापूस फुंकला, आणि वर मला शहाणपण शिकवतो.’ वाचक रागाकडे बघतो, तारखेकडे बघत नाही. पीककर्जाची 31 मार्चची मुदत मात्र इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असते, म्हणून कथा दुसऱ्यांदा वाचताना त्याला ती तारीख लागते. दुसरी खूण यादीत लपवा. वहिनीच्या फडताळात काय काय आहे : काजळाची डबी, लेकीच्या शाळेचा दाखला, सोसायटीची पावती, सुईदोरा. यादीत दडवायची वस्तू पहिली किंवा शेवटची ठेवू नका. तिसरी खूण वागण्यातली. धाकटा कर्जाचा विषय काढतो आणि वहिनी उगाच उठून चुलीकडे जाते. दोन अर्थ निघतील असं वागणं ही सगळ्यात प्रामाणिक खूण, कारण लेखकाने खोटं काहीच सांगितलेलं नसतं.

तीनपैकी एकही खूण शेवटच्या चारशे शब्दांत टाकू नका. तिथे वाचक सावध असतो. आणि जे दृष्टिकोनातल्या पात्राला ठाऊक आहे ते वाचकापासून लपवू नका. कथा धाकट्याच्या डोळ्यांतून आहे म्हणून हे गुपित टिकतं. थोरल्याच्या मनात शिरून सांगितलेली कथा असती तर ही फसवणूकच झाली असती.

धक्क्यानंतर पात्राला काही करायला जागा उरते का, हेही बघा. ‘बाकी निल आहे’ या वाक्यावर कथा संपवली तर ती नुसती कलाटणी झाली. खरी कथा त्यानंतरची आहे : ज्याच्या पाळीचं पाणी चोरलं आणि ज्याची मोटर जाळली, त्याच्या दारात आता जायचं कसं?

प्रश्न : कादंबरीत उपकथानकं किती असावीत? लिहिण्याआधी पूर्ण आराखडा करावा का? (धुळे)

आकडा सांगता येत नाही, कसोटी सांगता येते. आपल्याकडच्या नाट्यविचारात यासाठी दोन वेगळे शब्दच आहेत. पताका म्हणजे मुख्य कथेसोबत लांबवर चालणारं उपकथानक, प्रकरी म्हणजे थोडा वेळ येऊन जाणारा प्रसंग. प्रत्येक उपकथानक बाजूला काढून विचारा, मुख्य कथेचा शेवट बदलतो का? बदलत असेल तर ती पताका, तिला प्रकरणं द्या. बदलत नसेल तर ती प्रकरी, तिला पाच-सात पानांत निरोप द्या. कादंबऱ्या फुगतात त्या प्रकरीला पताकेचा मान दिल्यामुळे. पताका मुख्य कथेच्या थोडी आधी मिटवा. दोन्ही एकाच प्रकरणात मिटवल्या तर एकीचा आवाज दुसरीत बुडतो.

आराखड्याचं म्हणाल तर कादंबरीला एका पानाचा पुरे : सुरुवात, पहिलं वळण, मधला उलटफेर, सगळ्यात मोठा तोटा, शेवट. पाच ओळी. त्याहून तपशिलात आखलेले आराखडे बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकरणापर्यंत मोडतात, आणि मोडलेल्या आराखड्याला चिकटून राहिल्याने नुकसान होतं.

प्रश्न : शेवट कुठे थांबवावा? माझ्या कथा संपल्यावरही अर्धं पान चालू राहतात असं मला स्वतःलाच वाटतं. (रावेर)

वाटतं ते खरं असणार. शेवटचा परिच्छेद झाकून कथा वाचा. मग शेवटचे दोन झाका. ज्या ठिकाणी पात्राची शेवटची कृती होते, तिथे थांबायला हवं होतं. कृतीनंतर येणारी वाक्यं बहुधा तीन जातींची असतात : पात्राला काय वाटलं ते सांगणारं, त्याचा अर्थ सांगणारं, आणि आकाशाकडे, नदीकडे किंवा पाखरांकडे नेणारं. तिन्ही काढा.

शेवटाला दिवस ठरलेला असेल तर बांधणी सोपी होते. सणाचा इथे फार उपयोग आहे, फक्त सण शोभेला आणू नका. खानदेशातला कानबाई या देवीचा सण घ्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी निघते, म्हणजे मुदत आयती मिळते. शिवाय तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात. म्हणून मे महिन्यात मोटर जळाल्यापासून न बोलणाऱ्या दोन भावांना त्या रविवारी कुठलीही पळवाट उरत नाही : धाकटा आला नाही तर गावाला कळतं, आला तर दादाच्या समोर बसावं लागतं. सणाचा नियम पात्राला पेचात धरतो तेव्हाच तो कथेत यावा.

भावांच्या कथेचा शेवट असा होऊ शकतो. धाकटा संध्याकाळी ओट्यावर येतो. कुणी ‘ये’ म्हणत नाही. तो खिशातून स्टार्टरच्या पेटीची किल्ली काढतो आणि खुंटीला अडकवतो. आत वहिनी मांडलेल्या पानांत आणखी एक पान मांडते. इथे थांबा. गळ्यात पडणं नको, ‘दादा, माझं चुकलं’ नको, कर्जाचा उल्लेखही नको, कारण तो दोघांनी केला नाही हेच दोघांच्या नात्याचं बोलणं आहे. पण हा शेवट उभा राहायचा तर ती किल्ली त्या खुंटीवर पहिल्याच पानावर दिसलेली हवी, तीही जाता जाता : थोरला शेतातून येतो, टोपी काढून खुंटीला लावतो, किल्ली तिच्याशेजारी, आणि पाणी मागतो.